नभोवाणीचा रोजनामा

जयपुराहून टोंककडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर चाकसू नावाचा कसबा आहे. जवळच्या शीलच्या डुंगरीवर शीतलामातेचे देऊळ असून उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे चैत्र वद्य अष्टमीस, म्हणजे महाराष्ट्रातील फाल्गुन वद्य अष्टमीस, तेथे मोठी जत्रा भरते आणि आदल्या दिवशी शिजविलेल्या थंड अन्नाचा नैवेद्य देवीला दाखविला जातो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकांना हे गाव परिचित आहे ते एका शिलालेखामुळे. गावाचे जुने नाव चाटसू. तेथे सापडलेल्या या संस्कृत लेखात गुहिल कुळाच्या एका शाखेची वंशावळ आली असून बालादित्य नावाच्या राजाने आपल्या दिवंगत राणीच्या, रट्टवेच्या, स्मरणार्थ विष्णूचे मंदिर बांधल्याचे त्यात सांगितले आहे. लेखावर कालाचा उल्लेख नाही. अक्षरांच्या वळणावरून तो इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुमाराचा ठरविला गेला. हा लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या बाराव्या खंडात संपादून प्रसिद्ध करणारे पंडित म्हणजे रामकृष्णपंत भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त रामकृष्ण भांडारकर. ढुंढाडातील एका दगडाला अशा रीतीने एका मराठी विद्वानाने बोलते केले.

दगडावर कोरलेला शब्द हजार वर्षे टिकला, पण तो कोणता शब्द? राजाने जे कोरावयास सांगितले तेवढाच. पूर्वजांचे पराक्रम, राणीचे गुण आणि देवळाचे पुण्य त्यात आले. त्या वर्षी पाऊस पडला की नाही, चाटसूच्या बाजारात धान्य काय भावाने विकले गेले, दगड वाहून आणणाऱ्या गड्यांच्या तोंडी कोणती बोली होती, यांतील काहीही त्यात नाही. दगड महाग, कोरणे कष्टाचे. तेव्हा निवड करूनच कोरावे लागे. इतिहासाच्या साधनांचा हा पहिला प्रकार होय. ती निवडलेली साधने आहेत, आणि निवड नेहमी समर्थांच्या हाती असते.

दुसऱ्या प्रकारच्या साधनांचे अत्यंत मोलाचे उदाहरणही याच जयपूर राज्याने जतन केले. मोगल दरबारात रोज काय घडले, कोण हजर झाले, कोणाला खिलत मिळाली, कोणत्या सुभ्याहून कोणती बातमी आली, याचे टिपण दरबारी लेखनिक रोजच्या रोज करीत. अशा फारसी टिपणांच्या नकला अंबरच्या राजांचे वकील आपल्या धन्याकडे धाडीत असत. ‘अखबारात-ए-दरबार-ए-मुअल्ला’ या नावाने ओळखला जाणारा हा संग्रह जयपुरात दोन-अडीच शतके राहिला आणि आज तो बिकानेर येथील राजस्थान राज्य अभिलेखागारात आहे. यांतील बहुतेक मजकूर वाचताना कंटाळा येईल इतका नित्याचा आहे. तरीही जदुनाथ सरकारांसारख्या इतिहासकाराने औरंगजेबाच्या कारकीर्दीचा इतिहास लिहिताना याच कागदांचा मोठा आधार घेतला. ज्या दिवशी काही विशेष घडले नाही त्या दिवसाचेही टिपण झाले होते. म्हणूनच ज्या दिवशी विशेष घडले त्याची नोंद चुकली नाही.

मराठी माणसाला तर जयपूरच्या या दप्तराचे ऋण कधीच विसरता येणार नाही. १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराज आग्र्याच्या दरबारात गेले. त्या दिवसापासून त्यांची सुटका होईपर्यंतच्या महिन्यांत मिर्झा राजे जयसिंगांचे पुत्र रामसिंग यांच्या पदरची माणसे आग्र्याहून अंबरला पत्रे पाठवीत होती. पुढे जदुनाथ सरकारांनी ती उजेडात आणली. पत्रलेखकांपैकी परकालदासाने आपण इतिहास लिहीत आहोत असे स्वप्नातही मानले नसेल. कानी आले ते कळविणे एवढेच त्याचे काम. तरीपण महाराज दरबारात कसे वागले, लोक त्यांच्याविषयी काय बोलत होते, पहारे केव्हा वाढले, हे आज कळते ते या नोकरी म्हणून लिहिलेल्या पत्रांवरून. बखरी नंतर लिहिल्या गेल्या. त्यांत निवड आली आणि अलंकारही आले. ही पत्रे त्या-त्या दिवशी लिहिलेली आहेत.

निवडलेला लेख आणि न निवडलेला रोजनामा यांतील हा भेद मनात ठेवून विसाव्या शतकाकडे वळले म्हणजे एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. या शतकात मनुष्याने नभोवाणी निर्माण केली. सकाळपासून रात्रीपर्यंत एक अखंड वाणी गावोगावी पोहोचू लागली. बातम्या, बाजारभाव, पिकांवरील सल्ला, भजने, नाटके, भाषणे हे सारे तिच्यात आले. समाजाचा इतका भरगच्च रोजनामा पूर्वीच्या कोणत्याही युगाला लाभला नव्हता. पण हा रोजनामा वाऱ्यावर लिहिला जात होता. उच्चार संपला की अक्षरही संपले.

भारतात १९२३ साली मुंबईच्या रेडिओ क्लबने हौशी ध्वनिक्षेपण सुरू केले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. कंपनी तीन वर्षांत बुडाली, सरकारने तो व्यवहार आपल्याकडे घेतला आणि १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. स्वातंत्र्यानंतर केंद्रांची संख्या झपाट्याने वाढली. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि जयपूर केंद्र एप्रिल १९५५ मध्ये. चाकसूच्या आकाशात जयपूरचा आवाज उमटू लागला त्याच महिन्यात पुण्याहून ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रक्षेपित झाले. गदिमांची ५६ गीते आठवड्यास एक या क्रमाने एक वर्षभर महाराष्ट्राने ऐकली. ती टिकली, कारण ती लोकांना अतोनात आवडली, पुन्हापुन्हा लावली गेली, छापली गेली आणि तबकड्यांवर आली. पण त्याच वर्षी पुण्याहून रोज सांगितले गेलेले बाजारभाव, निवेदकांची मधली वाक्ये, शेतकऱ्यांशी झालेल्या गप्पा यांना असे भाग्य लाभण्याचे काही कारण नव्हते. लोकप्रियतेने जे निवडले तेवढे राहिले. दगडाचा न्याय येथेही लागू पडला.

याचा दोष मात्र कोणा एका केंद्राकडे जात नाही. आवाज धरून ठेवण्याची साधनेच महाग होती. डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सेन याने १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकाच्या साहाय्याने आवाज साठविण्याची युक्ती काढली. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात सम्राट फ्रान्झ योसेफचा आवाज त्याच्या यंत्राने टिपला आणि तो आजही ऐकता येतो. पुढे बीबीसीने पोलादी फितीची यंत्रे वापरली. १९३५च्या सुमारास वापरात आलेल्या मार्कोनी-स्टिले यंत्रात ३ मिलिमीटर रुंदीची पोलादी पट्टी सेकंदास दीड मीटर वेगाने धावे. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमासाठी २७०० मीटर पोलाद लागे! दुसरा मार्ग तबकड्यांचा. ॲल्युमिनियमवर लाखेसारखा थर दिलेल्या सोळा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे पंधरा मिनिटे मावत. अशा परिस्थितीत दिवसभराचे सारे प्रक्षेपण टिपून ठेवण्याची कल्पना व्यवहारी माणसाला वेडेपणाचीच वाटावी.

तरीही हा वेडेपणा एकदा झाला. २१ सप्टेंबर १९३९ रोजी वॉशिंग्टनमधील डब्ल्यूजेएसव्ही या केंद्राचे सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंतचे संपूर्ण प्रक्षेपण तबकड्यांवर मुद्रित करून तेथील राष्ट्रीय अभिलेखागारासाठी ठेवण्यात आले. युरोपात महायुद्ध पेटून तीन आठवडे होत होते. त्या दिवशी अध्यक्ष रुझवेल्ट यांनी तटस्थतेच्या कायद्यासंबंधी काँग्रेसपुढे भाषण केले. ते मुद्रणात आहेच. पण त्याच्या मागेपुढे साबणाच्या जाहिराती आहेत, घरगुती मालिका आहेत, बेसबॉलचा सामना आहे, नृत्याचे संगीत आहे. रुझवेल्टचे भाषण इतरत्रही छापलेले सापडते. अमेरिकेतील सामान्य घरात त्या दिवशी ते कशाच्या संगतीत ऐकले गेले, हे मात्र दुसऱ्या कोणत्याही कागदावरून कळणार नाही. अभ्यासक आज या तबकड्यांकडे वळतात ते या संगतीसाठी.

महायुद्धाच्या काळात अखंड ऐकण्याचे दुसरे एक रूप पुढे आले. शत्रू काय बोलतो हे टिपणे ही राज्यकर्त्यांची गरज झाली. बीबीसीने १९३९ साली इव्हशॅमजवळच्या वुड नॉर्टन येथे परदेशी ध्वनिक्षेपणे ऐकणारा विभाग उभारला. मेणाच्या नळकांड्यांवर आवाज टिपला जाई, नाना देशांचे भाषाज्ञ तो ऐकून उतरवून घेत आणि रोजचा गोषवारा सरकारकडे जाई. नळकांड्याचा पृष्ठभाग तासून ते पुन्हा वापरता येई. म्हणजे आवाज गेला, कागद राहिला.

भारताच्या इतिहासात याचे जे उदाहरण घडले ते मुंबईचे आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये नेत्यांची धरपकड झाली आणि वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली. त्या वेळी उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभारला. राममनोहर लोहियांचे त्यांना मार्गदर्शन होते. ४२.३४ मीटरवर, भारतातील कोठूनतरी, असे सांगत हा आवाज रोज उमटे. पोलिसांना चुकविण्यासाठी जागा वारंवार बदलली जाई. विदर्भातील आष्टी आणि चिमूर येथे झालेल्या अत्याचारांच्या हकीकती, ज्या वृत्तपत्रांना छापता येत नव्हत्या, त्या या केंद्राने लोकांपर्यंत पोहोचविल्या. १२ नोव्हेंबर १९४२च्या रात्री पोलिसांनी धाड घातली आणि तो आवाज बंद पडला. खटला होऊन बाबूभाई खाकर यांस पाच वर्षांची आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

हे केंद्र चालविणाऱ्यांना आपल्या प्रक्षेपणांचे दप्तर ठेवणे शक्यच नव्हते. कागद सापडला तर तो फासाचा दोर होणार होता. मग काँग्रेस रेडिओवर काय बोलले गेले हे आज कशावरून कळते? मुख्यतः सरकारने खटल्यासाठी आपल्या माणसांकडून ऐकून टिपून घेतलेल्या मजकुरावरून! ज्या राज्यसत्तेला तो आवाज बुजवावयाचा होता तिच्याच दप्तराने तो राखला. दिवसामागून दिवस कान लावून बसलेल्या त्या अनाम कारकुनांनी पुरावा म्हणून जे उतरविले तेच स्वातंत्र्यानंतर या देशाचे धन झाले. अंबरच्या वकिलांचीच ही नवी आवृत्ती म्हणावी लागेल. मात्र शाईत आवाज आला नाही. निवेदन करणाऱ्या त्या तरुण मुलीचा स्वर, तिची घाई, तिचा निर्धार यांतील काहीही टंकलिखित पानावर उतरू शकत नाही.

युद्धानंतर परिस्थिती पालटली. जर्मनीत एईजी कंपनीने १९३५च्या बर्लिन प्रदर्शनात मांडलेले मॅग्नेटोफोन यंत्र कचकड्याच्या हलक्या फितीवर आवाज टिपत असे. युद्ध संपल्यावर जॅक मलिन या अमेरिकन सैनिकाने दोन यंत्रे मायदेशी नेली, आणि १९४७ साली बिंग क्रॉस्बी या लोकप्रिय गायकाचा कार्यक्रम फितीवरून प्रक्षेपित होऊ लागला. फितीमुळे मुद्रण सोपे झाले. भारतातही १९५४ साली ध्वनिलेखन व कार्यक्रम-विनिमय सेवा सुरू झाली. गांधीजींची प्रार्थनेनंतरची भाषणे, नेत्यांचे आवाज आणि थोर गायकांची गायने आकाशवाणीच्या संग्रहात राहिली. परंतु फितीचा एक गुण हाच तिचा अवगुण ठरला. ती पुसून पुन्हा वापरता येई. जगातील अनेक केंद्रांनी काटकसरीपोटी कालच्या फितीवर आजचा कार्यक्रम मुद्रित केला, आणि कालचा दिवस कायमचा पुसला गेला.

जगाच्या काही भागांत हा विचार कायद्यापर्यंत गेला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवण्याचा जो जुना दंडक, तोच फ्रान्सने १९९२च्या कायद्याने नभोवाणीस व दूरचित्रवाणीस लावला. फिलाडेल्फियातील मॅरियन स्टोक्स या बाईंनी तर एकटीच्या बळावर १९७९पासून २०१२ साली मृत्यू येईपर्यंत दूरचित्रवाणीवरील बातम्या रात्रंदिवस मुद्रित केल्या. मागे सुमारे ७०,००० फिती राहिल्या. जिवंतपणी तो छांदिष्टपणा वाटला असेल. आज ते दप्तर आहे.

भारतात १९५७च्या स्वामित्वाधिकार कायद्याने प्रक्षेपण-संस्थेस स्वतःच्या कार्यक्रमासाठी तात्पुरते मुद्रण करण्याची मुभा दिली, आणि अपवादात्मक दस्तऐवजी महत्त्व असेल तर ते संग्रहासाठी राखण्याचीही. समूह-नभोवाणीचे धोरण २००६ साली व्यापक झाले तेव्हा अशा केंद्रांवर एक कर्तव्य घालण्यात आले: प्रक्षेपित केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जतन केला पाहिजे. तक्रार आली तर पुरावा हाताशी असावा हा त्यामागचा हेतू. त्यामुळे माणदेशातील म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग वाहिनी’पासून चाकसूच्या दक्षिणेकडील निवाईजवळच्या वनस्थळी विद्यापीठाच्या केंद्रापर्यंत देशातील लहानलहान केंद्रांपुढे एकच व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. रात्रंदिवस, न थांबता आणि न चुकता आपलाच आवाज टिपावयाचा कसा आणि कशाने?

आज हे काम साधा संगणक करतो. संगणकाला काम सांगणारी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, कोणती निवडावी हाच खरा विचार. जुन्या दप्तरदाराची नेमणूक करताना जे गुण पाहिले जात तेच येथेही पाहावयाचे असतात.

पहिला गुण अखंडतेचा. चोवीस तासांचा आवाज एकाच संचिकेत भरत राहणे घातक असते. सीडीच्या दर्जाचा, न आवळलेला द्विनलिक ध्वनी सेकंदास १,७६,४०० बाइट जागा घेतो. साध्या वेव्ह प्रकारच्या संचिकेची मर्यादा सुमारे ४ गिगाबाइट. म्हणजे पावणेसात तासांतच ती भरते. शिवाय अशा संचिकेची एकूण लांबी तिच्या मथळ्यात शेवटी लिहिली जाते; मध्येच वीज गेली तर मथळा अपुरा राहतो आणि आतला ध्वनी सहजी वाजत नाही. म्हणून दर तासाला नवी संचिका उघडणारी, तिच्या नावातच वर्ष, महिना, दिवस आणि तास घालणारी, आणि एका तासाची संचिका मिटून दुसरी उघडताना एक अक्षरही न गमावणारी आज्ञावली पाहिजे. वीज परत आल्यावर कोणी कळ दाबण्याची वाट न पाहता ती आपोआप कामाला लागली पाहिजे. कसब्यातल्या केंद्रात रात्री दोन वाजता कळ दाबावयास कोण बसलेला असतो?

दुसरा गुण मित जागेचा. सीडीच्या दर्जाने एका दिवसाचे सुमारे १५ गिगाबाइट होतात आणि ९० दिवसांचे १३७० गिगाबाइटांच्या वर. तोच आवाज एमपीथ्री अथवा ओपस पद्धतीने सेकंदास ६४ किलोबिट इतका आवळला तर दिवसाला ६९१ मेगाबाइट पुरतात आणि तीन महिन्यांचे प्रक्षेपण ६२ गिगाबाइटांत, म्हणजे बोटाएवढ्या स्मरणकांडीत मावते. संपूर्ण वर्ष २५२ गिगाबाइटांत बसते. बोलणे समजण्यास आणि पुराव्यास एवढा दर्जा पुरेसा आहे. जी गायने वा मुलाखती पुढे संग्रहात जाणार त्यांची न आवळलेली अथवा फ्लॅकसारख्या निर्दोष पद्धतीने आवळलेली प्रत वेगळी ठेवावी. कारण आवळताना टाकलेला ध्वनी पुन्हा कधीही मिळत नाही.

तिसरा गुण खऱ्या वेळेचा. रोजनाम्यातील तिथी चुकली तर रोजनामा निरुपयोगी होतो. संगणकाचे घड्याळ दर आठवड्यास काही सेकंद मागेपुढे सरकते. तेव्हा ते आंतरजालावरील कालसेवेशी जुळवून घेण्याची व्यवस्था हवी. चौथा गुण प्रामाणिकपणाचा. मिश्रणफलकावरून थेट घेतलेला आवाज स्वच्छ असतो, पण तो केंद्रातून निघाला एवढेच सिद्ध करतो. ध्वनिक्षेपक बंद पडला असेल तर त्याला ते कळत नाही. साध्या रेडिओने आकाशातून घेतलेला आवाज जरा खरखरीत असेल, पण श्रोत्याने जे ऐकले तेच तो सांगतो. पुराव्यासाठी हाच खरा. आणि बराच वेळ शांतता पसरली तर इशारा देणारी योजना असली म्हणजे कोरी पाने जमविण्याचा प्रसंग येत नाही.

या कसोट्यांवर प्रचलित आज्ञावल्या पारखल्या म्हणजे त्यांचे स्वभाव स्पष्ट होतात. ऑडॅसिटी ही सर्वपरिचित. मुद्रित ध्वनी कापण्या-जोडण्यास ती उत्तम, पण महिनोन्महिने पहारा देण्यासाठी ती घडविलेली नाही. एफएफएमपेग हिला ना खिडकी ना बटणे; आज्ञा टंकून द्याव्या लागतात, परंतु घड्याळाच्या ठोक्यावर संचिका तोडून नवी उघडण्याचे काम ती बिनतक्रार करते. रॉटर नावाची छोटी आज्ञावली तर केवळ याच कामासाठी लिहिलेली आहे. ती ताशी संचिका बनविते आणि ठरविलेली मुदत उलटली की जुन्या आपणच पुसते. रिव्हेंडेल ही संपूर्ण केंद्राचा कारभार पाहणारी मोठी व्यवस्था. मुद्रण हे तिच्या अनेक कामांपैकी एक. लहान केंद्राने तेवढ्यासाठीच ती घेणे म्हणजे एका पत्रासाठी सबंध कचेरी उभारणे होय. या साऱ्या विनामूल्य असून त्यांची मूळ संहिता खुली आहे. ही गोष्ट केवळ पैशाच्या दृष्टीने महत्त्वाची नाही. एखाद्या कंपनीने स्वतःच्या खास साच्यात भरलेला ध्वनी ती कंपनी बुडाल्यावर कोण उघडणार? मोडी लिपीतील रुमाल वाचणारे दुर्मीळ झाल्यावर महाराष्ट्रावर जो प्रसंग आला तो स्वतःहून ओढवून घेण्यासारखेच ते आहे.

येथवर प्रश्न साधनांचा झाला, आणि तो सुटण्यासारखा आहे. खरा प्रश्न नव्वदाव्या दिवसानंतरचा. आज्ञावलीला मुदत सांगितलेली असते. त्या मुदतीला ती एक्याण्णवाव्या दिवशी मागचा पहिला दिवस पुसते, दुसऱ्या दिवशी दुसरा. पुसण्यापूर्वी ती कोणाला विचारीत नाही. कायद्याने ‘अपवादात्मक दस्तऐवजी महत्त्व’ ही कसोटी सांगितली आहे. पण एखाद्या दिवसाचे महत्त्व तीन महिन्यांत कोणाला ठरविता येईल? परकालदासाच्या पत्रांचे महत्त्व ठरावयास पावणेतीनशे वर्षे लागली. दर तीन महिन्यांनी निरुपयोगी रुमाल जाळण्याचा हुकूम अंबरच्या दप्तरखान्यात असता तर आग्र्याची ती हकीकत मराठ्यांच्या इतिहासाला कायमची अंतरली असती.

जे पुसले जाते त्यात बोलीही जाते. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाने विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय भाषांचे नमुने तबकड्यांवर घेतले. त्या मोलाच्या आहेत, पण अनेकांत ठरीव कथाच सांगितलेली आहे. माणूस शेजाऱ्याशी बोलतो तसे ते बोलणे नव्हे. आज चाकसूच्या परिसरातील ढुंढाडी किंवा माणदेशातील मराठी जशी बोलली जाते तशी एखाद्या लहान केंद्राच्या दुपारच्या कार्यक्रमात सापडते. एखादी शेतकरीण पावसाविषयी बोलते, एखादी आजी शीतलेच्या जत्रेचे गाणे म्हणते, एखादा मुलगा शाळेतली तक्रार सांगतो. यांतील एकही गोष्ट कोणी शिलालेखावर कोरणार नाही, आणि पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकाला मात्र नेमकी तीच हवी असणार.

यावर आक्षेप येतो तो पसाऱ्याचा: एवढे ऐकणार कोण? पुण्याच्या पेशवे दप्तरातील कोट्यवधी कागदांविषयीही हाच प्रश्न विचारला गेला होता. गोविंदराव सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांतच त्यातून ४५ खंड काढले. त्यांना निवड करता आली, कारण आधीच्या पिढ्यांनी निवड न करता सारे राखले होते. राखणे आणि निवडणे ही दोन वेगळी कामे असून त्यांचा क्रम उलटा करता येत नाही. खर्चाचा आक्षेप तर आता उरलेलाच नाही. एका केंद्राची दहा वर्षांची अखंड वाणी अडीच हजार गिगाबाइटांत मावते, आणि एवढी जागा तळहातावर ठेवता येणाऱ्या एकाच तबकडी-पेटीत असते. तिच्या दोन प्रती कराव्यात, एक केंद्रात आणि एक अन्य गावच्या ग्रंथालयात असावी, आणि काही वर्षांनी नव्या पेटीत उतरवून घ्यावी, एवढाच काय तो भार. प्रक्षेपणावरील संस्थेचा हक्क २५ वर्षांचा आहे, लेखक-गायकांचे हक्क वेगळे. ते सांभाळून संग्रह बंद ठेवता येतो. राखणे म्हणजे लगेच प्रसिद्ध करणे नव्हे. अंबरची पत्रेही शतकानुशतके कुलपातच होती.

बालादित्याने राणीच्या आठवणीसाठी दगड निवडला, कारण त्याच्या काळी त्याहून टिकाऊ असे काही नव्हते. चाटसूच्या इतर कोणाही स्त्रीचे नाव त्या दगडावर येऊ शकले नाही. आजच्या चाकसूतील स्त्रीचा आवाज टिपण्यास दगड लागत नाही, राजाही लागत नाही. लागते ती एक साधी आज्ञावली, एक नीट लावलेले घड्याळ, आणि नव्वदावा दिवस उलटल्यावरही पुसू नये असे ठरविणारा एखादा दप्तरदार.